चालीचं माप

लग्नानंतर ह्यांच्या शर्टाचं माप मी पहिल्यांदा घेतलं, तो दिवस मला अजून आठवतो. छातीला टेप लावली मात्र, हे ताडकन सावधानमध्ये! छाती पुढं, पोट आत, श्वाससुद्धा बंद. मी नवी नवरी, बोलणार काय? जे आलं ते लिहून घेतलं आणि शर्ट शिवला. अंगात घातल्यावर तो इतका ढगळ झाला की सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा हणमंतासाठी शिवलास का कणगीसाठी?" त्यानंतर ह्यांचं माप मी कधी सांगून घेतलं नाही. हे पेपरात डोकं घालून बसले की मागून जायचं, आणि गल्लीतल्या चार गोष्टी सांगता सांगता टेप फिरवायची.

तर हे म्हणजे हणमंत मुळीक सर, आणि मी रंजना. विट्यात आमचं घर. ह्यांनी एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, मुलींचं लेझीमपथक उभं केलं. पथकाचे गणवेश माझ्या मशीनवर शिवले जायचे, कारण पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास. ह्यांनी मैदानावर "तेज चल!" म्हटलं की इकडं क्लासमधल्या मुलींचे पाय मशीनवर जोरात चालायला लागायचे, असला आवाज. आणि चाल तर विचारूच नका. बाजाराला निघालो तरी हे दहा पावलं पुढं, मी पिशवी घेऊन मागं. "अहो, जरा हळू" म्हटलं की थांबायचे, मी पोचले की परत तेज चल. उभ्या संसारात मी ह्यांची पाठच बघितली म्हणा ना.

२०३९च्या दिवाळीत मला पहिल्यांदा खटकलं ते बाहीमुळं. हे चालताना उजवा हात झुलत होता आणि डावी बाही नुसती अंगाला चिकटून. मी म्हटलं, खांद्यात काचतंय का? तर नाही म्हणाले. मग शर्टाची बटणं लावायला पाच-पाच मिनिटं लागायला लागली. अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं. एकदा दूध करपून घरभर वास, आणि हे त्याच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून, वासाचा पत्ताच नाही. मग डाव्या हाताची बोटं नुसती बसल्या बसल्या हलायला लागली, सुईत ओवायला आपण दोऱ्याचं टोक वळतो तशी. चेहऱ्यावरचं हसूही कुठं गेलं कुणास ठाऊक. आणि तो आवाज! मैदान गाजवणाऱ्या माणसाचं बोलणं मला कान जवळ नेऊन ऐकावं लागायचं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, पार्किन्सन. गोळ्या सुरू झाल्या. गोळी लागली की दीड-दोन तास हे बरे असायचे आणि उतरली की पाय घासत चालायचे. सगळ्यात वाईट म्हणजे दारातलं अडकणं. उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला शिवून टाकल्यासारखे. वरचं अंग पुढं झुकलेलं, पाय जागेवर. मागून कुणी "चला की" म्हटलं की आणखी अडकायचे. समोर आडवी रेघ असली तर ती ओलांडायला पाय उचलतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी प्रत्येक दारात पिवळी पट्टी आडवी चिकटवली. खरंच उपयोग झाला. पण बाहेर सगळ्या गावात मी कुठं पट्ट्या चिकटवत फिरू? ह्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. आणि ह्यांना एकट्याला सोडून मीही कुठं जाईना.

*

मिरजेच्या एका दवाखान्यात समिधा लोखंडे नावाची मेंदूची डॉक्टर आहे. ही ह्यांच्याच पथकातली, पुढं उभी राहणारी मुलगी. तिनंच नव्या यंत्राचं सांगितलं.

"सर," ती म्हणाली, "मेंदूच्या तळाशी डोपामिन बनवणाऱ्या पेशी असतात. त्या कमी झाल्या की हालचाल ठरवणारा भाग एकाच तालात अडकून बसतो. सेकंदाला वीसेक ठोके, सगळे एका सुरात. पथकातल्या चाळीसच्या चाळीस जणी एकाच ठेक्यावर अडकल्यात आणि पुढचा पवित्रा कुणी घेतच नाही, असं समजा."

"शिट्टी मारायची," हे पुटपुटले.

"तेच! शिट्टीच आहे ही. जुनी यंत्रं दिवसभर शिट्टी मारत बसायची. हे नवं यंत्र ऐकतं. दोन बारीक तारा मेंदूत आणि एक डबी गळ्याच्या हाडाखाली. ते आधी तुमची चाल शिकून घेतं. पाऊल केवढं पडतं, वळताना अंग कसं फिरतं, सगळं. एकदा शिकलं की तुमचं पुढचं पाऊल अडकणार हे त्याला आधीच कळतं, आणि नेमक्या त्या क्षणी ते हलकासा धक्का देतं."

"आणि चुकीचं शिकलं तर?" मी विचारलं.

"यंत्र सुरू झाल्यापासून नव्वद दिवस बदलता येतं, काकू. त्यानंतर नाही. कारण यंत्र सरांना शिकतं तसा सरांचा मेंदूही यंत्राला शिकतो. एकदा घडी बसली की ती मोडता येत नाही. मोडायला गेलं तर आहे ते चालणंही जातं. म्हणून नमुना नीट द्यायचा, बस्स."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मग नमुन्याचा दिवस आला. दवाखान्याचा लांब व्हरांडा, ह्यांची गोळी नुकतीच लागलेली, आणि समिधा हातात स्क्रीनची पाटी घेऊन उभी. "सर, तुमच्या नेहमीच्या चालीनं चाला."

हे चालले. काय सांगू! मान ताठ, छाती पुढं, हात खांद्याच्या उंचीपर्यंत. ओठातल्या ओठात डावा-उजवा, डावा-उजवा. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन चक्क 'पीछे मुड' करून परत आले. समिधाच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. तीन आठवडे हे रोज संध्याकाळी गोळी घेऊन मैदानावर नमुना द्यायला जायचे, मला फाटकाबाहेर उभं करून. आणि मीही मेली उभी राहायचे. तिथंच माझं चुकलं.

*

यंत्र सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यात गावानं तोंडात बोटं घातली. मुळीक सर भर दुपारी, गोळी उतरलेली असताना, रस्त्यानं तेज चल! चहावाले बाहेर येऊन बघत होते. पुण्याहून लेकीचा फोन आला, "आई, बाबांचा व्हिडिओ सगळीकडं फिरतोय." मी साखर वाटली.

दुसऱ्या आठवड्यापासून घरात कटकटी सुरू झाल्या. आमच्या ओट्यात आणि फ्रिजमध्ये दोन-अडीच फुटांची जागा. तिथं माणूस बारीक पावलं टाकतो, जरा तिरका होतो. ह्यांचं यंत्र म्हणायचं, एवढंसं पाऊल म्हणजे अडकलं वाटतं, आणि द्यायचं धक्का. हे थेट फ्रिजवर! हातात चहाचा कप असला की कप एकीकडं, हे दुसरीकडं. न्हाणीत वळायचं तर पीछे मुडच. मी हसले, नाही कशाला म्हणू? पण माझ्याबरोबर बाजाराला निघाले की पुन्हा तेच, हे पुढं आणि मी मागं. आता तर थांबून वाट बघणंही ह्यांच्या हातात नव्हतं, कारण डबीला मधेच रेंगाळणं ठाऊक नव्हतं. माझा गुडघा दुखतो, त्याला मी काय करू? मी अर्ध्या रस्त्यातून घरी यायचे.

सत्याहत्तराव्या दिवशी हे स्वयंपाकघरात पडले. ओट्याचा कोपरा लागून कपाळाला चार टाके. दुसऱ्या दिवशी बिनचालकाच्या बसनं आम्ही मिरज गाठलं.

समिधानं ह्यांच्या चालीचा आलेख भिंतीवर दाखवला. "काकू, खरंच कळत नाही. नमुना इतका सुंदर आहे. बघा ना, प्रत्येक पाऊल पंच्याहत्तर सेंटीमीटर. डावं, उजवं, डावं, उजवं. एक रेघ इकडची तिकडं नाही."

मी बघत राहिले. आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"समिधा," मी म्हटलं, "मी चाळीस वर्षं मापं घेते. माणसाचे दोन खांदे कधी सारखे नसतात. एक बाही अर्ध्या इंचानं लांब लागतेच. ज्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आल्या, त्यानं श्वास रोखलाय असं समजायचं आणि परत माप घ्यायचं. ह्यांनी तुला चाल दिलेली नाही. परेड दिलीय!"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. समिधा हळूच म्हणाली, "माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. पण सर समोर असले की मी अजून नववीतच असते, काकू."

"अहो," मी ह्यांना विचारलं, "खरं का?"

ह्यांनी मान हलवली. हो म्हणून.

*

बारा दिवस उरले होते. नवा नमुना म्हणजे चार हजार अस्सल पावलं. शिकताना यंत्र गप्प राहणार, म्हणून ती गोळीच्या वेळेतच टाकायची. त्या वेळात यंत्र चालू की बंद, हे ह्यांनाही समजायचं नाही. शिकण्याची कळ माझ्या फोनमध्ये. परेडचं एकसारखं पाऊल ते आता मोजणारच नाही, असं समिधानं करून दिलं. ह्यांनी संमतीचा अंगठा दिला. मी बजावलं, "कळ कधी दाबीन ते सांगणार नाही. तुम्ही आपले चाला."

कसले चालतात! मी फोन हातात घेतला की हे सावधान. फोन नुसता कमरेला खोचला तरी ह्यांची छाती फुगायची. पहिल्या दिवशी एकशे दहा पावलं मिळाली, ती पण मांजरानं मासा पळवला म्हणून. मग मी युक्त्या सुरू केल्या. कढीपत्ता आणायला परसात पाठवलं. दोऱ्याच्या रंगावरून शेजारणीकडं तीनदा पिटाळलं. मी दोन पावलं मागं, कळ दाबलेली, पडले तर धरायला हात तयार. रोज तीनशे, कधी साडेतीनशे. पण मधेच ह्यांना आठवायचं, आणि मान ताठ, हात वर, मोजणी बंद.

"अहो, का करताय असं?"

"सवय आहे."

"सवय गेली खड्ड्यात! नव्वद दिवस झाले की जन्मभर फ्रिजवर आपटत बसाल."

नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी तीन हजार तीनशे ऐंशी पावलं झाली होती. सहाशे वीस कमी. सात वाजता यंत्र पक्कं होणार. ह्यांनी पाच वाजता गोळी घेतली, सव्वापाचला अंगणात उतरले आणि परत सुरू केलं, डावा-उजवा, डावा-उजवा. मी पायरीवर बसून बघत होते. साडेपाच. पावणेसहा. फोनवर आकडा हलेना.

माझं डोकंच फिरलं.

"मुद्दाम करताय तुम्ही!" मी ओरडले. "तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये! मी इथं मर मर मरते आणि तुम्ही परेड करताय?"

हे थांबले. त्या बारीक आवाजात म्हणाले, "मग काय शिकवू त्याला? पाय घासत चालायला? हा असा मी, लुळा हात, वाकलेली मान, हे त्या डबीत कायमचं लिहून ठेवू? ती काय शिकायची ती मी धडधाकट होतो तेव्हाची चाल शिकू दे."

अच्छा, असं होतं तर. मला इतकं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"तुमची ती धडधाकट चाल कुणाला हवीय हो?" मी म्हटलं. "त्या मुळीक सरांबरोबर मी एक दिवस तरी चालले का? ते दहा पावलं पुढं असायचे! आजारी पडलात तेव्हा पहिल्यांदा माझ्याबरोबरीनं चाललात. पाय घासत का होईना, शेजारी होतात. मला हेच मुळीक सर हवे होते. तुम्हाला ते नको असतील तर राहू दे. मी चालले!"

आणि मी खरंच चालले. युक्ती-बिक्ती काही नव्हती, देवाशपथ. फोन कमरेला तसाच, कळ दाबलेली, पण माझ्या ध्यानीमनी नाही. फाटक ढकललं आणि गल्लीला लागले. गुडघा ठणकत होता, डोळे वाहत होते. मागून आवाज येत होता सर्र, सर्र, चपला घासल्याचा. पाय आपटल्याचा नाही. मी वळले नाही.

मग तो आवाज थांबला.

मी वळून बघितलं. हे फाटकात अडकले होते, गोळी असूनही; जीव घाबरा झाला की व्हायचं असं. दोन्ही हात पुढं, अंग झुकलेलं, पाय जागेवर. तिथं पट्टी नव्हती, फाटकात कधी चिकटवलीच नव्हती मी. आता तोल जाणार असं दिसलं, तशी मी दुखरा गुडघा विसरून परत धावले आणि ह्यांचा हात धरला.

"सोडून जाऊ नको, रंजना," हे म्हणाले.

"जातेय कुठं मी? चहा कोण करील?"

मी माझं पाऊल ह्यांच्या पावलापुढं आडवं ठेवलं. ह्यांनी खाली बघितलं. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवा पाय उचलला गेला, माझ्या चपलेवरून पलीकडं आला. मग डावा.

आम्ही चालायला लागलो. कुठं जायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. मी ह्यांच्या उजव्या हाताला. रडून झाल्यावर मला बोलायचा जोर येतो, तसा आला. सासूबाईंचं आणि कणगीचं काढलं. हे हसले, म्हणजे चेहरा फारसा हलला नाही, पण खांदा हलला. चढ आला तिथं म्हणाले, "हळू. तुझा गुडघा." आयुष्यात पहिल्यांदा! खड्ड्यापाशी थांबले, मी ओलांडला, मग पुढं. पिठाच्या गिरणीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. ह्यांची पावलं लहान होती, डावं जरा आखूड, मधेच एखादं रेंगाळणारं. हाताच्या झुल्याचं तर नावच नको.

घराच्या वळणावर माझ्या कमरेत फोन वाजला. मी काढून बघितला. चार हजार. सात वाजायला दहा मिनिटं होती.

मी ह्यांना दाखवला. हे आकडा बघून म्हणाले, "लबाड. सांगून माप घेत नाहीसच तू."

"तुमचं? कधीच नाही."

*

याला आता सात महिने झाले. आजार गेलेला नाही, तो जात नाही असं समिधा सांगते. बोटं हलतात, आवाज बारीकच आहे. पण ओट्यापासून फ्रिजपर्यंत हे कप न सांडता येतात. न्हाणीत माणसासारखे वळतात. दारातल्या पट्ट्या मी काढून टाकल्या, एक सोडून. ती स्वयंपाकघरातली राहू दे म्हणाले. शाळेतही जातात अधूनमधून. पथकाच्या मुलींनी पहिल्या दिवशी ह्यांची चाल बघितली आणि एकीनं विचारलं, "सर, दुखतंय का?" हे म्हणाले, "नाही गं. हीच माझी चाल."

काल सकाळी माझा हिरवा दोरा संपला. मी मशीनवर होते, म्हणून हे एकटेच दुकानाला निघाले. मी खिडकीतून बघत होते. रस्ता पूर्ण मोकळा. तरी हे मधून चालेनात, डाव्या कडेनं चालले होते, उजवीकडं एका माणसापुरती जागा सोडून. चढावर पाऊल आपोआप हळू झालं. खड्ड्यापाशी हे क्षणभर थांबले, शेजारचं कुणीतरी ओलांडेपर्यंत थांबावं तसे, आणि मग पुढं गेले.

मी समिधाला फोन लावला. तिनं आलेख बघितला आणि हसली. "काकू, शेवटची सहाशे पावलं सर तुमच्याबरोबर चालले होते ना? सगळ्यात अस्सल तीच निघाली. यंत्रानं त्यांवरच जास्त भर दिलाय. आता बदलता यायचं नाही हं."

"नको गं बाई," मी म्हटलं.

मशीन बंद केलं, चपला घातल्या आणि रस्त्यावर येऊन हाक मारली, "अहो, थांबा!"

ह्यांनी मागं बघितलं, पण थांबले नाहीत. चालत राहिले आपले, माझ्या गुडघ्याला झेपेल त्या चालीनं. दुखऱ्या गुडघ्यानं मी सावकाश निघाले, आणि कोपरा यायच्या आत ह्यांच्या उजव्या हाताला पोचले.